कॉमन गठ्ठा

“हा गठ्ठा साऱ्याइच्याच प्रोग्रामात जाते, साहेब,” जयवंता म्हणाली. “ड्रायव्हर लोकाइसाठी वेगळा काहून नाही करत?”

मुकुंदसाहेबांनी घड्याळ पाहिलं. “वेगळा करायला दोन दिवस लागतील. दोन कार्डं बदला, ड्रायव्हरांची यादी काढा, जुनी परत लावा. एवढं काय त्यात?”

चौऱ्याहत्तर साल. कंपनीच्या नागपूर ऑफिसात एक अख्खी खोली त्या कॉम्प्युटरने अडवली होती. प्रत्येक खात्याचा प्रोग्राम भोकं पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात असे. पण माणसाचं वय काढून त्याला कधी घरी बसवायचं, हे कोणतंच खातं स्वतः ठरवत नसे. त्यासाठी सगळ्यांना मिळून एकच कॉमन गठ्ठा होता. गुलाबी कार्ड दिसलं की ऑपरेटरने तिथे तो घालायचा, यादी निघाली की काढून कप्प्यात ठेवायचा. त्याचं रबर सोडून आत बघायची रीत नव्हती. आईच्या हातचं जेवताना मीठ कोण तपासतं?

ड्रायव्हरांना पंचावन्नला निवृत्त करायचं नुकतंच ठरलं होतं. बाकी सारे अठ्ठावन्नला. जयवंताचा बाप बळीराम कारखान्यात बॉयलरवर होता. वय छप्पन्न. उरलेल्या दोन वर्षांत दोन खोल्या बांधून कॉलनीतलं क्वार्टर सोडायचं, असा त्याचा बेत होता. धम्मदीक्षेच्या दिवशी कडेवर नेलेली पोर मशीन चालवते, हे तो कॉलनीत येताजाता ऐकवी.

जयवंताने दोन कार्डं बदलून अठ्ठावन्नच्या जागी पंचावन्न केलं. पण त्या सोमवारी प्रिंटरने कागद खाल्ला आणि पाच वाजले तरी यादी अर्धीच. गठ्ठ्याला रबर लावून तिने तो कप्प्यात ठेवला. जुनी कार्डं आपल्या ड्रॉवरमध्ये. संध्याकाळच्या पाळीतल्या शामलासाठी चिठ्ठी लिहायला हवी होती. बस चुकेल म्हणून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने उरलेली यादी काढली, जुनी कार्डं जागच्या जागी लावली आणि विसरली. चूक झाली की मशीन अडतं, दिवा लागतो, अशी तिची पक्की समजूत. त्या आठवड्यात एकही दिवा लागला नाही.

शनिवारी फाइल लावताना कारखान्याच्या यादीची कार्बन प्रत हाती आली. सोमवारी संध्याकाळी शामलाने त्याच गठ्ठ्यावर काढलेली. निवृत्तीच्या रकान्यात सतरा नावं. अकरावं बळीरामचं.

जयवंता आठवडाभर नागपुरातच इंदोऱ्याला आत्याकडे राही आणि शनिवारी कारखान्याच्या कॉलनीत घरी जाई. त्या दिवशी बसमध्ये तिला बसवेना. सारी वाट ती दांडा धरून उभी होती.

बळीराम क्वार्टरच्या ओट्यावर ट्रंकेला दोरी बांधत होता.

“बाबा, यादी चुकली. तुमची नोकरी अठ्ठावन्नपर्यंत हाय. माह्याकून चुकलं.”

दोरीवरचे त्याचे हात थांबले.

“गेटावर लोक लय तापले होते वं,” तो हळूच म्हणाला. “संप करतो म्हणत होते. मीच आडवा झालो. म्हटलं, हा माह्या पोरीच्या मशीनचा कागद हाय, तिथं खोटं होत नाही. माह्या भरोशावर साऱ्याइनं राजीखुशीनं नोकरी सोडतो म्हणून कागदावर सह्या केल्या.”

“तुमी बी?”

“पह्यली माहीच.”

त्याने एक शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. तो आत गेला, धुतलेला सदरा घालून गळ्यापर्यंत बटणं लावून आला.

“चाल. साऱ्याइले सांगा लागन.”

“मी सांगतो, बाबा.”

“तू सांगजो. दार मी वाजवतो.”

पहिलं क्वार्टर यादीतल्या देवरावचं. दाराला कुलूप होतं. क्वार्टर सोडून जाण्याआधी त्याच्या बायकोने, तुळसाबाईने, ओटा स्वच्छ सारवून ठेवला होता. तरी चपला खाली काढून बळीराम वर चढला आणि त्याने कडी वाजवली.