दोन ते तीनचा तास

पातेल्याच्या तळाचा तो काळा डाग काही केल्या निघत नव्हता. सकाळी दूध खाली लागलं होतं, आणि आता दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सुवार्ता तारेच्या घासणीनं तो खरवडत होती – बोटं झोंबेपर्यंत खरवडत होती – खरं म्हणजे या वेळी तिनं पलंगाशेजारी गुडघे टेकलेले असायला हवे होते.

दोन ते तीन हा तिचा तास. भगिनी मंडळाची साखळी प्रार्थना सकाळी सहाला सुरू झाली होती. प्रत्येकीनं आपापल्या घरी एक तास धरायचा, संपला की पुढचीला फोन करायचा – माझा झाला, आता तू धर. खंड पडू द्यायचा नाही. नियम तिचाच, वहीही तिचीच. बावीस वर्षं इंदापूरच्या चर्चच्या मंडळीत ही साखळी तीच चालवत आली होती. आज प्रार्थनेचा विषय होता तिची मुलगी.

स्वरूपा बारामतीच्या दवाखान्यात होती, सातवा महिना. आधीची दोन राहिली नाहीत. आता या तिसऱ्याभोवतीचं पाणी कमी झालेलं, ठोके मंदावलेले... चार वाजता पुन्हा सोनोग्राफी, आणि तसंच दिसलं तर बाळ आजच काढायचं. काढल्यावर ते जगेल का, हे डॉक्टर सांगत नव्हते. जवळ एकालाच थांबू देतात म्हणून जावई अविराज तिथं होता. सकाळी तो म्हणाला, "आई, तुम्ही संध्याकाळी डबा घेऊन या. तोवर फक्त प्रार्थना करा."

फक्त! जसं काही ते भाजी निवडण्याइतकं सोपं काम आहे.

नाही करणार मी. ऐकतोयस ना, देवा? नाही करणार. पहिल्या वेळी तीन दिवस पाण्याचा घोट घेतला नाही, दुसऱ्या वेळी पाळकसाहेबांना दवाखान्यात नेऊन पोरीच्या कपाळाला प्रार्थनेचं तेल लावलं, रात्र रात्र तुझी गाणी म्हटली – आणि तू काय केलंस? विश्वासू म्हणे! दर रविवारी उभं राहून तुझा विश्वासूपणा गायचा आम्ही, आणि माझ्या पोरीनं दोनदा रिकाम्या हातांनी घरी यायचं, छाती घट्ट बांधून घ्यायची दुधानं दुखते म्हणून... लाज कशी वाटली नाही तुला? तिनं पातेलं मोरीत आपटलं. शेजारच्या स्वयंपाकघरातला रेडिओ एकदम बारीक झाला.

आणि सकाळपासून फोनवर त्या बायका. "ताई, देवाची काहीतरी योजना असेल हं." कसली योजना? सरकारी कचेरीत निदान योजनेचा कागद तरी हातात देतात...

मीही हेच म्हणाले होते.

तिचा हात थांबला. उजनी धरणाच्या काठावर, उन्हात... छबूमावशीचा मुलगा जोतीराम मासे धरायला गेला होता आणि होडी उलटली होती. दुसरा दिवस, अजून सापडला नव्हता. मावशी चिखलात बसून पाण्याकडे बघत होती, आणि हीच सुवार्ता, धुतलेली पांढरी साडी नेसून, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली होती – देवाची योजना असेल, मावशी. मावशीनं वर बघितलंसुद्धा नव्हतं. घरी येऊन आपण व्यवस्थित जेवलो होतो. किती शहाणी होते मी! त्या वेळी कुणी माझ्या थोबाडीत कशी मारली नाही?

तीन वाजले. तिनं फोन केला नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी तोच वाजला. पुढचा तास छबूमावशीचा होता.

"सलाम, सुवार्ता. झाला न्हवं तुझा तास? मी वाट बघतीया."

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही झाला," ती म्हणाली. "मी प्रार्थना केलीच नाही, मावशी. भांडी घासत होते. मला त्याचं तोंड बघायचं नाही."

पलीकडे मावशी खोकली. "मी बी केली नव्हती. जोतीराम गेल्यावर दोन वरीस. तास धरायची, गुडघ्यावर बसायची अन् गप. एक अक्षर बोलले न्हाय त्याच्याशी."

"पण तुम्ही तर दर वेळी फोन करून सांगायचात, झाला म्हणून..."

"तास झालाच हुता की. तू वहीत खूण करायचीस. तुला कशाला वंगाळ वाटू द्यायचं?"

बावीस वर्षं सुवार्तानं वहीत खुणा केल्या होत्या, आणि कोणत्या खुणेमागे कोण दात-ओठ खात बसलंय, हे तिला कधी कळलं नव्हतं. देवाला मात्र कळत असणार. मावशीचं दोन वर्षांचं गप्प बसणं त्यानं समोर बसून ऐकून घेतलं होतं का? की ऐकलंच नव्हतं?

"बरं, आता मी धरते," मावशी म्हणाली. "तू जरा पड."

"नाही," सुवार्ता ओरडलीच. स्वतःच्या आवाजानं ती दचकली. "तुम्ही धरू नका. अजून मी सोडलेला नाही."

"अगं, सव्वातीन झाले."

"होऊ देत."

तिनं फोन ठेवला. गुडघे टेकायचे नव्हते, डोळे मिटायचे नव्हते. ओल्या हातांनीच ती मोरीजवळच्या फरशीवर मांडी घालून बसली, समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघत. राग तसूभरही कमी झाला नव्हता. चार वाजायला पाऊण तास होता, आणि तेवढ्या वेळात देवाला समोरून उठू द्यायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.