जीपमधली सहावी जागा

अमेरिकेतल्या हर्नडनमध्ये रविवारच्या सकाळचा उजेड घाईने येत नाही. आधी तो समोरच्या इमारतीच्या विटांवर फिकट पिवळा होऊन टेकतो. मग पार्किंगमधल्या गाड्यांच्या टपांवरून सरकत आमच्या पडद्याशी थबकतो आणि अखेर, परवानगी मागितल्यासारखा, गालिच्यावर उतरतो. त्या दिवशी तो उतरला तिथे माझ्या रूममेटने, सत्यजितने, टांझानियाला न्यायचे सामान पसरले होते. इतक्या सभ्य उजेडाला याहून बरी जागा मिळायला हवी होती.

म्हणे बॅकपॅकिंग! पाठीवर एकच पिशवी, तंबूत मुक्काम, स्वस्तातली सफारी. प्रत्यक्षात गालिच्यावर मेतकूट, भडंग, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि एक छोटा राइस कुकर होता. सेरेंगेटीच्या माळावर त्याचा प्लग कुठे लावणार, हे सिंहांनाच ठाऊक. एवढा समुद्र ओलांडून सत्यजित आणि त्याची मित्रमंडळी सिंहाकडे पाठ करून उभी राहणार आणि फोटोत तो मागे नीट आला का, एवढेच पाहणार होती.

त्यांच्या सहा जणांच्या जीपमधली एक जागा मात्र रिकामी झाली होती. त्यांच्यातल्या शंतनूच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला. देशाबाहेर पडला तर नव्या शिक्क्याशिवाय त्याला परत येता आले नसते. माझा शिक्का शाबूत होता, आणि हे सर्वांना माहीत होते. सफारी ठरवणारी स्वानंदी आज मला विचारणार, याची मला खात्री होती. आमच्या घरी जिलबी वाढायला आले की पानावर आडवा हात धरायचा असतो. वाढणारा तो हात बाजूला सारून वाढतोच. तसेच दोनदा नकार देऊन तिसऱ्यांदा नाइलाजाने मान हलवायची, असे मी योजले होते. आफ्रिकेत जाताना घेतात ती पीतज्वराची लस मी शुक्रवारीच टोचून घेतली होती, केवळ खबरदारी म्हणून. दंड अजून ठणकत होता.

स्वानंदी आली, सामानावरून उडी मारून सोफ्यावर बसली.

"शंतनूची सीट आहे. येतोस?"

"नको," मी हळू आवाजात म्हणालो. "स्वतः पिंजऱ्यात बसून जनावरे पाहण्याची मला हौस नाही."

"ओके, कूल."

मी थांबलो. ती फोन लावत होती.

"अगं, त्याला जरा आग्रह कर ना," सत्यजित पुऱ्या डब्यात भरत म्हणाला.

"कशाला? नो म्हणजे नो, यार. मी कुणाला फोर्स नाही करत." मग फोनच्या स्पीकरवर, "उल्हासकाका, टांझानियाला येता? गुरुवारी निघायचंय."

उल्हासकाका म्हणजे जवळच्याच अ‍ॅशबर्नचे निवृत्त डॉक्टर.

"येतो की! शूज कुठलेही चालतील ना?"

मागून रेखाकाकूंचा आवाज आला, "अहो, गुडघ्याचं काय?"

"गुडघाही येतोय!"

काका-काकू दोघे फोनवर खिदळले. अडुसष्ट वर्षांचा गृहस्थ, आणि एका शब्दात हो म्हणून मोकळा. लाज वगैरे काही नाही. असल्या उतावळ्यांच्या गर्दीतून आपण वाचलो, असे मी मनाशी म्हणालो, आणि ते पुन्हा एकदा म्हणावे लागले.

"तू आम्हाला डलेस एअरपोर्टला ड्रॉप करशील?" स्वानंदीने विचारले.

"करेन."

हे मात्र मी पहिल्याच विचारण्याला म्हणालो. ती थँक्स म्हणून काकांना विमानाची वेळ सांगू लागली.

मला जायचे होते.