तिसरी कमान

गेल्या ऑक्टोबरात रिग्मोरच्या मानेवरचा कर्करोगाचा तीळ कापून काढला आणि डॉक्टरांनी तिला उन्हात बसायची कायमची बंदी केली. तीस वर्षं आमच्या शिडाच्या होडीचं सुकाणू तिच्याच हाती. मी आपला तिचा नवरा आणि दोर ओढणारा गडी. सावलीशिवाय होडी काय कामाची, म्हणून तिने विकायची जाहिरात दिली. फोबोर्गचा एक माणूस शनिवारी चार वाजता बघायला येणार होता. त्याआधी बसायच्या जागेवर छत करून दाखवतो, मग विकू नकोस, असं मी म्हटलं. ती एवढंच म्हणाली, "बघू."

मग आठवडाभर मी मार्स्टालच्या धक्क्यावर लाकडाच्या पट्ट्या वाफवून वाकवत बसलो. तीन कमानी करायच्या, त्यांवर कापड ताणायचं, झालं छत. दोन पट्ट्या मोडल्या, दोन कमानी उभ्या राहिल्या. शनिवारी दुपारी रिग्मोर आली. कमानींखाली बसली, वर बघितलं, मग तिसरीसाठी केलेल्या खुणेकडे बघितलं.

"एगोन, सुकाणू कोण धरणार?"

मे महिन्यात होडीवर ती जिथे बसली होती, तिथवरच मी छत आखलं होतं. तेव्हा ती केबिनला टेकून, शाल लपेटून बसली होती आणि सुकाणू माझ्याकडे होतं. सुकाणूचा दांडा आणि त्यामागची तिची जागा, दोन्ही भर उन्हात राहत होती. घोडं तिथेच पेंड खात होतं आणि मला आठवडाभर ते दिसलं नव्हतं.

"तू आजारी बाईचं माप घेतलंस," ती म्हणाली. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता तिसरी कमान तिच्या जागेच्याही मागे न्यायला हवी होती, आणि होडी तिथे रुंद, म्हणजे कमानही अधिक रुंद हवी. पट्टी उरली होती एकच. मी साचा बदलला, पट्टी वाफेच्या पेटीत घातली, आणि तासभर आम्ही दोघं त्या पेटीकडे बघत बसलो. तीन वाजले आणि फोबोर्गचा माणूसही तेव्हाच टपकला. चारला बोलावलेला माणूस तीनला येतो, तो मला आवडणं शक्यच नव्हतं.

वाफेतून काढलेली पट्टी जेमतेम अर्धा मिनिट ऐकते, मग हट्टाला पेटते. रिग्मोरने हातमोजे चढवून एक टोक धरलं, दुसरं मी. साच्यावर दाबत आणली. वळणापाशी लाकूड करकरलं आणि एक बारीक ढलपी सुटली. माझे हात सैल पडले.

"सोडू नकोस," ती म्हणाली. "मी सोडलंय का?"

पुन्हा दाबली. पट्टी साच्याला आवळून धरणारा एक क्लॅम्प बसला, दुसरा पडला होता पाहुण्याच्या पायाशी. तो विचारत होता, हे छतही किमतीतच धरलंय का.

"आधी तो क्लॅम्प द्या इकडे," रिग्मोर म्हणाली. बिचाऱ्याने मुकाट्याने दिला. मी आवळला. करकर थांबली. ढलपी होती तेवढीच राहिली.

तिने हातमोजे काढले.

"होडी विकायची नाही," ती त्याला म्हणाली. "पण एवढ्या लांबून आलात, कॉफी घेऊन जा."

मी तोंड फिरवून क्लॅम्प आवळत राहिलो. आवळायचं काही उरलं नव्हतं.