मिस्त्रींनी आवळलेला नट

मी बोलतो आहे. बारा इंची स्क्रू-पाना हे माझे पूर्ण नाव. वय एकेचाळीस वर्षे. भट्टीत तापलो, घणाखाली घडलो आणि नळजोडणी करणाऱ्या एका मिस्त्रींच्या हाती आलो.

माझ्या गळ्याशी खाचांची एक चाकी आहे. ती फिरवली की माझा जबडा उघडतो वा मिटतो. कालांतराने ती झिजली. जोर लावताना तिच्यावर अंगठा दाबून धरला नाही, तर जबडा सैलावतो आणि मी घसरतो. ही खोड केवळ मिस्त्रींना ठाऊक होती. त्यांनी ती कोणासही सांगितली नाही.

"मी आवळलेला नट माझ्याशिवाय कोणाच्या बापाला सुटायचा नाही," असे ते चारचौघांत म्हणत. त्या अभिमानात मीही वाटेकरी होतो, हे मान्य केले पाहिजे.

एका दुपारी त्यांच्या घराच्या तळखोलीतील जाड पाइप फुटला. अर्धी जमिनीखाली असलेल्या त्या खोलीत मिस्त्रींच्या पत्नी कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये पडून होत्या. त्यांना उचलताना मिस्त्री घसरले आणि त्यांचे उजवे मनगट मुरगळले. एकट्या सूनबाईंना त्या उचलवेनात. पाणी पलंगाच्या पायांवर चढू लागले.

ते बंद करण्याचा व्हॉल्व्ह अंगणातील लोखंडी झाकणाखाली होता. कोणी हात लावू नये म्हणून झाकणाचा नट मिस्त्रींनीच आवळला होता. सूनबाईंनी मला उचलले. मी घसरलो. पुन्हा घसरलो. नटाचे कोपरे झिजून गोल होऊ लागले. ते पुरते गेले असते, तर जगातला कोणताही पाना त्यास धरू शकला नसता.

"कोणत्या मेल्यानं एवढा घट्ट केलाय हा?" सूनबाई रडकुंडीला आल्या होत्या.

खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला, "ज्याच्याशी मी लग्न केलं, त्यानंच. अहो, गादी भिजायला लागली."

मिस्त्रींनी डाव्या हाताने मला ओढून घेतले. दोनदा जोर लावला. त्या हाताला तेवढी ताकद नव्हती; नट हलला नाही. माझे बोलणे त्यांना ऐकू जात असते, तर मी ओरडलो असतो: सांगा, अजून वेळ आहे, सांगून टाका.

त्यांनी मला परत सूनबाईंच्या हाती दिले. मान खाली घालून म्हणाले, "चाकीवर अंगठा दाब. सोडू नकोस. पाना खोडीचा आहे."

"हे आधी नाही का सांगायचं, बाबा?"

"नाही सांगितलं. दाब आता."

सूनबाईंचा अंगठा सोलवटला, पण त्यांनी तो उचलला नाही. नट कुरकुरला आणि फिरला. झाकण निघाले, व्हॉल्व्ह बंद झाला. आत पाणी सासूबाईंच्या प्लास्टरला टेकून थांबले होते.

त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरातील खिळ्यावर असतो. माझी खोड घरात सर्वांना ठाऊक आहे. झाकणाचा नट नुसत्या हाताने सुटेल इतकाच आवळलेला असतो.