मेडुसाचं नाक चाफेकळीसारखं

चंद्रप्रकाश वर्तकांनी तीस वर्षं वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहून लोकांच्या खोड्या काढल्या. निवृत्तीनंतर खोड्या भरपूर शिल्लक राहिल्या, त्या छापणारं कोणी राहिलं नाही. म्हणून त्यांनी पार्ल्यातल्या आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये नववीच्या मुलांना वर्णन लिहायला शिकवायचं काढलं. सहा रविवार झाले, तरी एकाही पोराने स्वतःचं म्हणावं असं एक वाक्य लिहिलं नव्हतं.

सातव्या रविवारी ते चपला घालत असताना त्यांची बायको शुभा म्हणाली, "आज एक तरी वाक्य घेऊन या. नाहीतर वर्ग बंद करा आणि घरी बसून गवार मोडा. तेवढी बरी मोडता तुम्ही."

गवारीला त्यांची हरकत नव्हती. पण गवार पोरांसारख्या माना डोलावत नाही.

त्या दिवशी त्यांनी ग्रीक पुराण बाहेर काढलं. आपले देव पोरांनी टीव्हीवर दागिन्यांसकट पाहिलेले. ग्रीक मंडळींशी कोणाचीच ओळख नाही, तेव्हा ढापायला काही सापडणार नाही, असा त्यांचा कावा. मेडुसाची गोष्ट त्यांनी हातवारे करून सांगितली. डोक्यावर केसांच्या जागी वळवळते साप, आणि तिच्या नजरेला नजर भिडली की माणसाचा दगड.

"ही बाई डोळ्यांपुढे आणा आणि लिहा. वीस मिनिटं."

सुयोगचं चार मिनिटांत झालं. त्याने उभं राहून खड्या आवाजात वाचलं, "मेडुसा ही एक आदर्श स्त्री होती. तिचे डोळे टपोरे व पाणीदार होते. नाक चाफेकळीसारखे होते. तिचे लांबसडक साप पाहून मन प्रसन्न होई."

"प्रसन्न?"

"दगड व्हायच्या आधी, सर."

स्वरदाच्या मेडुसाचं नाकही चाफेकळीसारखंच निघालं. उरलेल्या चौघांच्याही.

"अरे, हे नाक आणलंत तरी कुठून?"

सगळ्यांनी गंधालीकडे पाहिलं. तिने दप्तरातून पिवळ्या पडलेल्या पानांचं एक निबंधांचं गाइड काढलं. "माझ्या आईचं आहे सर. मी ग्रुपवर फोटो टाकले. आता सगळ्यांना पाठ आहे."

"फेकून दे ते! कुठल्या गाढवाने लिहिलंय?"

गंधालीने मुखपृष्ठ वाचलं. "'एक अनुभवी शिक्षक', सर."

चंद्रप्रकाश खुर्चीत बसले. ते गाइड त्यांनीच लिहिलं होतं. बत्तीस वर्षांपूर्वी, अकरा दिवसांत, आयुष्यात एक तासही न शिकवता. 'अनुभवी' हा शब्द प्रकाशकाचा, चाफेकळी त्यांची. म्हणजे, तीही त्याआधीच्या एका गाइडातली.

गप्प बसले असते तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण मग ते नाक आणखी बत्तीस वर्षं चाललं असतं.

"तो गाढव मी," ते म्हणाले.

"काय सांगता सर!" सुयोग उडालाच. "म्हणजे आपले मार्क पक्के, यार!"

"सर, सही द्या ना," स्वरदा म्हणाली.

"सही कसली मागतेस? चाफ्याची कळी मी नीट पाहिलीसुद्धा नव्हती गं!"

गंधालीने सही मागितली नाही. "मग तुम्ही सांगा ना सर, मेडुसा कशी दिसते?"

चंद्रप्रकाशांनी डोळे मिटले, तोंड उघडलं. आधी 'टपोरे' आलं, त्याच्या मागून धावत 'पाणीदार', आणि दारात नाक अदबीने उभं. त्यांनी तोंड मिटलं.

"मला नाही येत गं," ते म्हणाले. इतकं आखूड आणि इतकं खरं वाक्य त्यांनी सदरात कधी लिहिलं नव्हतं.

गंधालीने क्षणभर त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मग गाइड बुडाखाली घेतलं आणि वही ओढली. लिहिलं, खोडलं, पेन चावलं, पुन्हा लिहिलं. अखेर बसूनच, जरा लाजत वाचलं:

"तिच्या डोक्यावरचे सगळे साप झोपलेत. एकच साप जागा आहे. तो वाकून तिच्या तोंडाकडे बघतोय. त्याचा दगड होत नाही, कारण त्याला ती रोजचीच आहे."

"कुठल्या पानावर आहे गं?" सुयोगने हळूच विचारलं.

"नाहीये."

चंद्रप्रकाशांच्या जिभेवर 'अप्रतिम' आलं. तो शब्द त्यांच्या ओळखीचा होता, पान एक्केचाळीस. त्यांनी तो गिळला. गंधालीने वही हाताने झाकून घेतली.

"चुकलं का सर?"

"नाही. पुढे लिही."

"पुढे काय होतं?"

"मला काय माहीत? तुझ्या सापाला विचार."