उलटा आठ

लेनर्ड कुझ्माचे गुडघे गेले याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. सत्त्याहत्तराव्या वर्षी गुडघे जायचेच. वाईट वाटलं ते बायकोने, डोलोरेसने, नव्या फ्लॅटचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला तेव्हा. दोन खोल्या, लिफ्ट, खिडकीतून दिसणारं चर्च, सगळं होतं. फक्त गॅरेज नव्हतं, आणि गॅरेज नाही म्हणजे बायसनला घर नाही.

बायसन म्हणजे हॅलिडे कंपनीची १९७० सालची हिरवी गाडी. सुरू केली की शेजारच्यांच्या कपाटातल्या बश्या वाजायच्या. लेनर्डने ती कोरी घेतली होती आणि तिचं इंजिन बेल्डन गावातल्या ज्या कारखान्यात झालं, तिथेच तो कामाला होता. टेक्सासमधल्या मुलाला गाडी हवी होती, पण इंजिन काढून विजेची मोटर बसवायला. "बाबा, आता आवाज कोणाला हवाय?" असं तो फोनवर म्हणाला. लेनर्डने फोन डोलोरेसच्या हातात दिला.

मग उरली एकच जागा. कारखाना कधीच पाडला गेला होता. त्याच जमिनीवर बायसनच्या भक्तांच्या मंडळाने पत्र्याची मोठी शेड उभारून संग्रहालय केलं होतं. शेडमध्ये बारा गाड्या मावत आणि अकरा लागल्या होत्या. बारावी आपली लागावी, जिथे तिचं इंजिन झालं तिथेच तिने शेवटचा श्वास टाकावा, एवढीच लेनर्डची इच्छा होती. अट मात्र कडक होती. गाडी अस्सल हवी. म्हणजे कारखान्याने बसवलेलंच इंजिन आजही तिच्यात हवं, आणि ते ठरणार इंजिनावर ठोकलेल्या नंबरावरून. लबाड लोक दुसरंच इंजिन आणून जुना नंबर घासून काढतात आणि हवा तो ठोकतात, म्हणून तपासनीस लागतो.

हा तपासनीस म्हणजे डेल हूक्स्ट्रा. मूळचा दंतवैद्य. दवाखाना बंद केला तरी हत्यारं सोडली नव्हती. तोच छोटा आरसा, तीच टोकदार सळई, आणि बोनेट उघडायला लावताना तोंडातून सवयीने निघणारं "आ करा". त्याची सगळी कीर्ती उभी होती उलट्या आठवर. अस्सल बायसनच्या नंबरात इंग्रजी आठ (8) आला की तो डोक्यावर उभा असतो, मोठं पोट वर आणि लहान डोकं खाली, हा त्याचा शोध. त्यावर त्याने दोनशे बारा पानांचं पुस्तक लिहिलं होतं. चोरांना चकवण्यासाठी कंपनीने ठरवलेली ही गुप्त खूण असल्याचं त्यात सिद्ध केलं होतं. मंडळाच्या सदऱ्यांवरही उलटा आठ छापलेला असे. सदरा वाळत टाकताना बायका तो सुलटा करत, हा भाग वेगळा.

खरी गोष्ट जगात एकट्या लेनर्डला ठाऊक होती, कारण ते आठ त्याने मारले होते. त्या काळी प्रत्येक आकड्याचा पोलादी ठसा वेगळा असे. ठशाच्या एका अंगाला खाच असे. खाच अंगठ्याखाली धरायची आणि हातोडी मारायची, की आकडा सुलटा उमटतो. एकदा आठचा ठसा फुटला. नवा आला त्याची खाच नेमकी उलट्या अंगाला. आठ डोक्यावर उमटतोय हे लेनर्डच्या ध्यानात यायला आठवडा गेला. त्याने जाऊन मुकादमाला सांगितलं. मुकादम तेव्हा डबा खात होता. तो म्हणाला, "उलटा काय नि सुलटा काय, आठ तो आठच. जा, लाइन अडवू नकोस." अडीच वर्षं ती लाइन अडली नाही.

मंडळाच्या पहिल्याच सभेत गुप्त खुणेवरचं भाषण ऐकून लेनर्डच्या नाकातून कॉफी आली होती. तो उठून बोलणार होता, पण डोलोरेसने त्याची बाही धरली. लोक आनंदात आहेत, कशाला विरजण घालतोस, असं तिचं म्हणणं. पुढे त्यालाही गंमत वाटू लागली. आपली चूक लोकांनी देव्हाऱ्यात बसवावी, हे भाग्य कितीजणांच्या वाट्याला येतं?

शनिवारी सकाळी हूक्स्ट्रा आला. डोलोरेसने बटाट्याचे पिएरोगी, म्हणजे पोलिश करंज्याच, तळले होते. लेनर्ड खुर्ची टाकून निवांत बसला होता. आपण स्वतः ठोकलेला नंबर दुसऱ्याने तपासायचा, म्हणजे हातच्या कंकणाला आरसा. हूक्स्ट्राने खराच आरसा काढला, सळईने इंजिनाच्या कडेवरची धूळ टोकरली आणि रुग्णाच्या नातेवाइकांना बाहेर बोलावताना करतो तसा चेहरा केला.

"मिस्टर कुझ्मा," तो म्हणाला, "तुम्ही बसलेलेच आहात ते बरंय. तुमचा आठ सुलटा आहे."

क्षणभर लेनर्डला काही कळेना, आणि मग सगळं लख्ख आठवलं. मार्चमधली सकाळ. लाइनवरून एक इंजिन सरकत आलं आणि त्यावरच्या चिठ्ठीवर गाडी घेणारा म्हणून त्याचंच नाव. नंबरात आठ होता. त्याने ते लोखंड सदऱ्याच्या बाहीने पुसलं. ठसा मुद्दाम फिरवून धरला, खाच अंगठ्याच्या विरुद्ध बाजूला. श्वास रोखून एकच ठोका मारला. मागे तीन इंजिनं तुंबली, मुकादम शिव्या देत आला, पण आठ सुलटा उमटला. आपल्या घरी येणाऱ्या गाडीवर चूक नको, एवढंच तेव्हाच्या त्या बावीस वर्षांच्या पोराच्या मनात होतं.

त्याने हे सारं हूक्स्ट्राला सांगितलं. मुकादमाच्या डब्यासकट सांगितलं. हूक्स्ट्राने ऐकून घेतलं, पिएरोगी संपवले आणि मान हलवली. पुस्तकात डब्याचा उल्लेख नव्हता.

तेव्हा लेनर्ड लंगडत गॅरेजात गेला आणि कॉफीचा जुना डबा घेऊन आला. कारखाना बंद झाला तेव्हा भंगारातून उचललेले ठसे त्यात होते. पुरावा म्हणून त्याने ते समोर ओतले.

"हे तुमच्याकडे असणं तुमच्याच विरुद्ध जातं," हूक्स्ट्रा हळू आवाजात म्हणाला. "मी हे पाहिलं नाही असं धरतो."

तरी माणूस अगदीच अन्यायी नव्हता. त्याने एक पत्र्याचा तुकडा पुढे केला आणि आठ मारून दाखवायला सांगितलं. लेनर्डने ठसा उचलला. राग आला होता, पण अंगठा आपोआप खाचेवर बसला आणि हातोडी पडली. तिघेही वाकून बघू लागले. आठ उमटला होता डोक्यावर उभा.

हूक्स्ट्राचे डोळे पाणावले. त्याने तो तुकडा दोन्ही हातांत धरला. "अस्सल," तो म्हणाला. "तुमचा हात अस्सल आहे, मिस्टर कुझ्मा. म्हणूनच सांगतो, गाडीवरचा आठ तुमचा नाही. इतकं मन लावून कारखान्यात कोणी काम करत नव्हतं."

तो तुकडा घेऊन तो गेलासुद्धा. डोलोरेसने रिकामी बशी बाजूला ठेवली. मग तिने ठसा उचलून नवऱ्यापुढे धरला.

"गाडीवरच्या आठवरच उलटा आठ मार. एक ठोका. तो मूर्खही खूश आणि गाडीलाही जागा."

म्हणजे खरा आकडा खोटा करायचा, तेव्हा तो खरा ठरणार. लेनर्डने ठसा इंजिनावर टेकवला, हातोडी उचलली. उचललेलीच राहिली.

"नाही होत गं," तो म्हणाला. "हजारो आठ मारले मी. त्यातला हा एकच नीट मारलाय."

डोलोरेसने त्याच्या हातातून हातोडी काढून घेतली आणि त्याचा खांदा नुसता दाबला.

घर रिकामं करायला नऊ दिवस उरले असताना हूक्स्ट्राचं पत्र आलं. मंडळाने विचार केला होता. अकरा अस्सल गाड्या आहेत, पण नकली कशी असते हे नव्या पिढीला दाखवायला एकही नाही. इतकी सुबक नक्कल दुसरीकडे मिळणं अवघड. बारावी जागा ते बायसनला द्यायला तयार होते, 'नकलीचा नमुना' अशी पाटी लावून. पत्र वाचून डोलोरेसचा संताप झाला. लेनर्डने ते दोनदा वाचलं आणि एकच गोष्ट विचारली: इंजिन काढणार नाहीत ना? काढणार नव्हते. मग त्याने सही केली.

आता दर शनिवारी तो शेडमध्ये बायसनशेजारी खुर्ची टाकून बसतो. मंडळाने त्याला उलट्या आठचा सदरा दिलाय. तो घालून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना नकली आठ दाखवतो. रेघ बघा कशी सरळ, खोली बघा कशी सारखी, असं समजावून सांगतो. त्याचं काम इतकं चोख आहे की मंडळाने त्याला वर्षाचा उत्कृष्ट मार्गदर्शक म्हणून मानाची फीत दिली. ती देताना हूक्स्ट्राने भाषणही केलं.

परवा ओहायोहून आलेल्या एक बाई बोनेटवर वाकून बराच वेळ बघत राहिल्या. पाटी वाचली, पुन्हा आठ पाहिला.

"लबाडाने मारला म्हणता," त्या म्हणाल्या, "पण किती जीव लावून मारलाय. कोण असेल हो तो?"

लेनर्डने त्या आठवरची धूळ सदऱ्याच्या बाहीने पुसली.

"ज्याची गाडी होती, तोच," तो म्हणाला.