लाल रेघ मारलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकाची खुर्ची आहे. हे ऐकून तुमचा चेहरा पडला असेल, तर आधी तो सरळ करा. मला पाहून लोक जी हळहळ करतात तिचा मला मनापासून कंटाळा आला आहे. माझं आयुष्य झकास गेलं, अजूनही जातं आहे, आणि तेच मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. त्याच छपराखाली सायकलीही बनत. माझ्या चाकांच्या तारा आणि सायकलींच्या तारा एकाच खोक्यातून निघाल्या आणि एकाच कारागिराने ताणून बसवल्या. सायकली बाहेर पडल्या तेव्हा लोकांनी त्यांना घंटा लावल्या, मुठींना रंगीत झिरमिळ्या बांधल्या. मला मात्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून गुपचूप टेम्पोत चढवलं. तेव्हापासून माझ्या मनात अढी बसली ती बसलीच. सायकलवर बसलेला माणूस फिरायला निघालेला आणि माझ्यावर बसलेला माणूस बिचारा, हे ठरवलं कोणी?

पहिली काही वर्षं मी एका इस्पितळात होते. दारापासून लिफ्टपर्यंत आणि लिफ्टपासून वॉर्डापर्यंत, एवढंच माझं जग. पण माझं कौतुक व्हायचं. वॉर्डबॉय म्हणायचा, "हीच आणा, ही वाकडी जात नाही." पुढे नव्या चकचकीत खुर्च्या आल्या आणि मला जिन्याखाली ढकलण्यात आलं. माझ्यावर फाटक्या उशा रचल्या गेल्या. रागाने माझा डावा ब्रेक तेव्हाच ढिला झाला, तो आजतागायत ढिलाच आहे.

तिथून मला बाहेर काढलं कोचबाईंनी. खरं तर त्यांनी नाही, त्यांच्या लेकीने. कोचबाई नगरपालिकेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवत. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून पाण्यात उतरलेली. मुलाच्या पोटाखाली हात धरायचा, त्याला बोलण्यात गुंतवायचं आणि त्याच्या नकळत हात काढून घ्यायचा, ही त्यांची पद्धत. मग पाठीच्या कण्याचं दुखणं आलं, शस्त्रक्रिया झाली आणि कमरेखालची ताकद गेली ती परत आली नाही. लेकीने मला घरी आणलं. कोचबाईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि तोंड फिरवलं. वर्षभर माझ्यावर टॉवेल वाळत होते.

त्या हट्टी, मी त्यांच्याहून हट्टी. एक दिवस भाजीवाल्याची हाक आली, घरात दुसरं कोणी नव्हतं आणि बाईंना स्वतः निवडून भाजी घ्यायची होती. टॉवेल उडवून त्या माझ्यावर बसल्या आणि थेट फाटकापर्यंत आल्या. त्या दिवसापासून आमचं जमलं.

एकच गोष्ट जमेना. बाई पुन्हा पाण्यात उतरल्या नाहीत. डॉक्टरांनी पाण्याला कधीच मनाई केली नव्हती. मी त्यांना एकदा तलावाच्या दारापर्यंत नेलंही होतं. आत पोरांचा कल्ला चालला होता आणि कोणीतरी ओरडलं, "अरे, बाई आल्या!" त्यासरशी बाईंनी माझी चाकं उलटी फिरवली. ज्यांना हात धरून शिकवलं, त्यांच्यासमोर स्वतःला उचलून पाण्यात ठेववून घेणं त्यांना सोसणार नव्हतं. घरी आल्यावर त्या लेकीला म्हणाल्या, "मला अशा ठिकाणी ने, जिथे मला कुत्रंसुद्धा ओळखत नाही."

तशी जागा लेकीला सापडली, ती भूमध्य समुद्रात. मोठं जहाज, आठवडाभराचा प्रवास आणि रोज नवं बंदर. घरात असा प्रवास कोणी केलेला नव्हता, त्यामुळे सगळी सूत्रं जावईबापूंनी हाती घेतली. जावईबापू बस डेपोत वेळापत्रकं आखतात. माणूस भला, पण पाच मिनिटं उशीर झाला तर ते दहा वेळा घड्याळ बघतात. कुठल्याशा प्रवाशाने त्यांना सांगितलं होतं की बंदरात उतरून जहाजानेच आखलेल्या सहलीला गेलात तर उशीर झाला तरी जहाज थांबतं. स्वतःच्या पायांनी भटकायला गेलात तर ते तुम्हाला किनाऱ्यावर सोडून खुशाल निघून जातं. झालं! हे ऐकल्यापासून जावईबापूंना झोपेतही सुटलेलं जहाज दिसू लागलं.

जहाजावर चढल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सहलींचं पुस्तक उघडलं गेलं. कोणी म्हणे किल्ला बघू, कोणी म्हणे बाजार. मी टेबलाला खेटून होते, म्हणून मलाही पानं दिसत होती. प्रत्येक सहलीखाली बारीक चित्रं होती. एक माणूस चालताना, म्हणजे सहल सोपी. तीन माणसं चालताना, म्हणजे दमछाक. आणि मित्रांनो, त्या चित्रांत मी होते! छापील पुस्तकात माझं चित्र पाहून मी क्षणभर हरखले. मग दिसलं, माझ्या अंगावरून एक तिरकी लाल रेघ मारलेली होती. पान उलटलं, पुन्हा मी, पुन्हा रेघ. किल्ल्याला रेघ, जुन्या गल्ल्यांना रेघ. छोट्या खाडीत पोहायला नेणारी एक सहल होती, तिथली रेघ तर मला सगळ्यांत जाड वाटली. चोर-दरोडेखोरांची चित्रं लावतात तशी माझी लावली होती.

"आई, तुमच्यासाठी ही बघा," जावईबापू म्हणाले. "बसमध्ये बसायचं, बसमधून बघायचं, बसमधूनच परत. अगदी निवांत."

बाईंचं बोट खाडीच्या चित्रावर होतं. लेकीने ते पाहिलं आणि पटकन पान उलटलं.

पहिल्या बंदरात ती बसची सहल झाली. मला घडी घालून बसच्या पोटात, बॅगांच्या खाली कोंबलं. बस थांबायची, वरून घोषणा व्हायची, "फोटोसाठी दहा मिनिटं." ड्रायव्हर मला बाहेर ओढून उघडेपर्यंत लोक फोटो काढून परतू लागलेले असायचे. मग पुन्हा घडी, पुन्हा अंधार. तिसऱ्या थांब्यावर तर बाईंनीच सांगितलं, "राहू दे, नको काढूस तिला." संध्याकाळी खोलीत आल्यावर त्या बोलल्या. "काचेतून बघायला मी इथवर आले नाही. काच घरीही आहे, आणि ती मी रोज पुसते."

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्याबरोबर बाईंनी माझी चाकं स्वतःच्या हातांनी फिरवली आणि मला सहलींच्या काउंटरवर नेलं. जहाजावरचे गालिचे माझ्या चाकांना डिंकासारखे धरून ठेवत, पण त्या दिवशी मी कुठेही अडले नाही. काउंटरवरची मुलगी आपलीच भाषा बोलणारी निघाली.

"मला खाडीची सहल हवी," बाई म्हणाल्या.

मुलीने गोड हसून पुस्तकातल्या रेघेवर बोट ठेवलं. "आजी, सॉरी हं. यात खुर्ची चालत नाही."

"खुर्ची कुठे पोहणार आहे? पोहणार मी."

मुलीला हसू आलं आणि तिने ते दाबलं. खाली उतरायला खडकातल्या पायऱ्या आहेत, नियम आहे, माझ्या हातात काही नाही, असं ती म्हणाली. तिच्या हातात खरोखर काही नव्हतं, हे मलाही समजत होतं. तरी मला असा संताप आला, की निघताना मी तिच्या काउंटरला मुद्दाम एक धक्का दिला.

खोलीत त्या दुपारी मायलेकींचं भांडण झालं. "लोक बघतील, आई," लेक म्हणाली. बाई म्हणाल्या, "बघू देत. डोळे त्यासाठीच असतात." शेवटी लेकीच्या तोंडून खरं ते बाहेर पडलं. "तुला पाण्यात काही झालं तर मी काय करू? मला पोहता येत नाही गं!"

हो, मित्रांनो. अख्ख्या गावाला पोहायला शिकवणाऱ्या बाईंची स्वतःची लेक कोरडी राहिली होती. लहानपणी एकदा तिच्या नाकातोंडात पाणी गेलं, आणि तेव्हापासून ती तलावाची पायरीही चढली नव्हती.

बाईंनी तिला जवळ ओढून बसवलं. मग म्हणाल्या, "तू फक्त कमरेइतक्या पाण्यात उभी राहा. बाकीचं मी बघते. उद्याचं बंदर. जहाजाची सहल नको, आपण आपलं जाऊ."

"म्हणजे जहाज थांबणार नाही!" जावईबापूंनी कपाळाला हात लावला. पण बायको आईचा टॉवेल पिशवीत भरते आहे हे पाहून तेही वरमले.

दुसऱ्या दिवशी धक्क्याबाहेर एक टॅक्सी मिळाली. टॅक्सीवाला पांढऱ्या मिशांचा, पोट सुटलेला. त्याला आमची भाषा येईना, आम्हाला त्याची. बाईंनी हवेत हात मारून पोहण्याची खूण केली. त्याने मान डोलावली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, बाईंच्या पायांकडे पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवत विचार करू लागला. आता हाही मान हलवणार, असं वाटून मी कडक झाले. तर तो एकदम हसला आणि टिचकी वाजवून त्याने मला उचलून गाडीत टाकलं.

त्याने आम्हाला नेलं ते काही सुंदर किनाऱ्यावर नाही. जाळी, डबे, डिझेलचा वास, रंग उडालेल्या होड्या. आणि तिथे सिमेंटचा एक रुंद उतार होता, जमिनीवरून निघून थेट पाण्यात शिरणारा. एक माणूस चाकांच्या गाड्यावर होडी ठेवून त्यावरून खाली नेत होता. होडी पाण्यात गेली, तरंगली आणि गाडा मागे राहिला. टॅक्सीवाल्याने आधी गाड्याकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे.

मित्रांनो, तिथे ना पायरी होती ना रेघ.

उतारावर शेवाळ होतं आणि माझा डावा ब्रेक तुम्हाला माहीतच आहे. टॅक्सीवाल्याने होडीचा दोर माझ्या पाठीच्या दांड्याला बांधला आणि काठावरच्या लोखंडी कडीतून ओढून घेतला. तो आणि जावईबापू दोर हळूहळू सोडू लागले. जावईबापूंचं एक लक्ष दोरावर आणि एक मनगटावरच्या घड्याळावर होतं. लेक माझ्याकडे तोंड करून, माझे हात धरून, उलट्या पावलांनी पाण्यात उतरत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

पाणी माझ्या पुढच्या छोट्या चाकांना लागलं. मग मोठ्या चाकांना, मग तारांना, मग बैठकीला. खारं पाणी लोखंडाचा वैरी, हे मला कोणी शिकवायला नको. पण मी म्हटलं, ये, काय करायचं ते कर. मी उभी आहे.

बाई माझ्यावरून घसरून पाण्यात गेल्या. लेकीने त्यांना पाठीखालून दोन्ही हातांनी घट्ट धरलं. बाईंचे पाय आपोआप वर आले. माझ्यावर वर्षानुवर्षं ओझ्यासारखे लोंबणारे ते पाय पाण्यात हलके झाले होते.

"आता सोड," बाई म्हणाल्या.

"नाही."

"अगं सोड."

"बुडालीस तर?"

"मी शिकवलेलं एक तरी पोर बुडालं का? मग मी बरी बुडेन! सोड म्हणते ना."

लेक रडत होती आणि सोडत नव्हती. तेव्हा बाईंनी आवाज बदलला. "कालची भाजी खारट नव्हती का गं? जहाजावरची?" लेक म्हणाली, "होती जराशी," आणि तेवढ्यात बाईंनी एक हात मारला. लेकीचे तळवे पाण्यात रिकामे राहिले. बाई उताण्या, आभाळाकडे तोंड करून, एका होडीच्या पलीकडे पोचल्याही होत्या.

मी कमरेइतक्या पाण्यात एकटी उभी होते, माझ्यावर कोणी नाही. आयुष्यात कित्येकदा मी रिकामी राहिले होते, जिन्याखाली, टॉवेलांखाली, बसच्या पोटात. त्या दिवशीच्या रिकामेपणाचा मला एवढा अभिमान वाटला की माझा ढिला ब्रेकसुद्धा क्षणभर खट्‌कन बसला.

जहाज आम्ही गाठलं. शिडी वर ओढायच्या जरा आधी, जावईबापू घामाघूम, लेक गुडघ्यापर्यंत शेवाळलेली. मी गालिच्यावर पाण्याची लांब ओळ काढत काउंटरसमोरून गेले. मुलीने डोळे विस्फारले. "आजी, तुम्ही आज कुठली सहल घेतली होती?"

"खुर्ची चालत नाही ती," बाई म्हणाल्या.

आता मी घरी आहे. माझ्या तारांवर गंज चढला आहे आणि वळताना मी कुरकुरते. जावईबापूंनी नवी खुर्ची आणायचं काढलं, तर बाईंनी त्यांच्या हातात तेलाचा डबा दिला. दर रविवारी आम्ही नगरपालिकेच्या तलावावर जातो. पहिल्या दिवशी पोरं ओरडली, "बाई आल्या!" आणि बाईंनी चाकं उलटी फिरवली नाहीत. चार जणांनी त्यांना उचलून पाण्यात ठेवलं, सगळ्यांच्या देखत. आता उथळ बाजूला, पाण्यातल्या पायरीवर बसलेल्या बाईंसमोर लेक असते. पोटाखाली आईचा हात असतो, आणि दोघी भाजीबद्दल बोलत असतात.

म्हणून मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी तुम्हाला मुळीच सांगणार नाही. जपून ठेवलेल्या खुर्च्या जिन्याखाली असतात. मला तेल द्या, हवा भरा आणि बाहेर काढा; चिखलात न्या, उतारावर न्या, पाण्यात न्या. आणि कधी एखाद्या पुस्तकात माझ्या चित्रावर लाल रेघ दिसली, तर पान उलटू नका. रेघ खुर्चीवर आहे. खुर्चीतल्या माणसाला विचारा, तुला कुठे जायचंय?